जीजीची खाट

गिरिजाशंकर पाराशर नर्मदेच्या परिक्रमेला निघाले, तेव्हा ओंकारेश्वराच्या बेटावर जो गाजावाजा झाला तेवढा त्यांच्या लग्नातही झाला नव्हता. केसरबाईंना हे पक्कं ठाऊक, कारण त्या लग्नातली नवरी त्याच होत्या. सनावदहून बँड आला होता. पुलाच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता. त्यावर पंडितजींचा हात जोडलेला फोटो, मागे निळीशार रेवामाई, म्हणजे नर्मदा, आणि खाली ज्यांनी फ्लेक्सचा खर्च उचलला त्यांचे फोटो, पंडितजींपेक्षा मोठे. अंगावर कोरं पांढरं वस्त्र, हातात दंड, खांद्याला झोळी आणि गळ्यात लाल कापडात बांधलेली रेवाजलाची बाटली. ती बाटली परिक्रमाभर पूजायची आणि शेवटी ओंकारजींना चढवायची. मध्ये उघडायची नाही. 'नर्मदे हर'च्या घोषात पंडितजी पूल उतरून दक्षिण तीरावर गेले आणि पश्चिमेला चालू लागले. केसरबाई घरी आल्या, पायांवर पाणी घेतलं आणि सासूला म्हणाल्या, "जीजी, आता दूध अर्धं पुरेल."

परिक्रमेचा नियम एकच, पण लोखंडाचा. रेवामाईला उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं आणि तिला कुठेही ओलांडायचं नाही. एका तीरानं समुद्रापर्यंत, दुसऱ्या तीरानं उगमापर्यंत आणि तिथून पुन्हा निघालो त्या जागी. ओंकारेश्वराचं बेट पडलं रेवेच्या कुशीत. म्हणजे परिक्रमेतल्या माणसाला बेटावर पाऊल ठेवता येत नाही, आणि बेटावरचाच माणूस परिक्रमेला निघाला तर त्याला स्वतःचं घर बंद. "घरी यायचं नाही हाच नियम असल्यावर हे का गेले, ते मला कुणी समजावून सांगू नका," असं केसरबाई पाणवठ्यावर म्हणाल्या होत्या, आणि पाणवठा बराच वेळ हसत होता.

खरं कारण एका ट्रंकेत होतं. गल्लीतल्या जलेश्वर महादेवाची पालखी कार्तिकात निघते, आणि पालखीपुढे चांदीची छडी घेऊन जो चालतो तो पायी परिक्रमा केलेलाच असावा लागतो. शेवटचे छडीवाले वारले तेव्हापासून छडी ट्रंकेत पडून होती. चंपालाल, म्हणजे गिरिजाशंकरांचे चुलतभाऊ, यांनी तिच्यासाठी परिक्रमा करून पाहिली होती, पण जीपमधून. जीपची परिक्रमा धरायची की नाही यावर गल्लीत दोन महिने काथ्याकूट झाला आणि अखेर ती जीपच्या नावावर धरायची असं ठरलं. चंपालालांनी ते मनाला लावून घेतलं. गिरिजाशंकरांनी मात्र त्या दिवसापासून मोजडीचं माप काढायला घेतलं.

पाराशरांची घरं बेटाच्या मागच्या अंगाला, संगमाच्या जरा वर. पुढच्या अंगानं वाहते ती रेवा, त्यात कुणाचं दुमत नाही. मागून वाहते ती कावेरी, दक्षिणेतली नव्हे, इथलीच. ही कावेरी वरच्या बाजूला रेवेत शिरते, तिच्या पोटातून अंगाला तिचा थेंब न लागू देता आरपार जाते, बेटाच्या मागून वळसा घेते आणि खाली पुन्हा रेवेला भेटते, असं पाराशर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. भेटते तिथे संगम, संगम तिथे स्नान, आणि स्नान तिथे पाराशर. नदीतून नदी कोरडी कशी जाईल, असं एखाद्या चिकित्सक यात्रेकरूनं विचारलं तर गिरिजाशंकर डोळे मिटून "श्रद्धा!" एवढंच म्हणत आणि दक्षिणेचं ताट पुढे सरकवत. घरात प्यायचं पाणीही तिथूनच यायचं. केसरबाई रोज सकाळी मागच्या पायऱ्या उतरून तांब्या भरत आणि सासूपुढे धरत. "घ्या जीजी, रेवामाई." म्हणजे दारात नहायची ती कावेरी आणि घरात प्यायची ती रेवा. यात काही चुकतंय असं त्या घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं.

चैत्र लागला आणि जीजीनं अन्न सोडलं.

जीजी म्हणजे गिरिजाशंकरांची आई. वय विचारलं तर ती एका पुराचं नाव सांगायची, जो पाहिलेला दुसरा माणूस आता बेटावर नव्हता. बाभळीच्या लाकडाची, सुंभानं विणलेली एक जुनी खाट हे तिचं सगळं राज्य. त्या खाटेवरून ती सुनेला हुकूम सोडायची आणि सून त्यांतले निम्मे पाळायची, असं दोघींचं छान चाललं होतं. आता जीजी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "केसर, माझं झालं गं. जाताना रेवामाईचं पाणी तोंडात पडू दे, आणि तेही गिरिजाच्या हातचं. मग मी सुटले."

सासूशी उभा जन्म भांडून काढलेल्या बाईला त्या भांडणाशिवायचं घर डोळ्यांपुढे आणता येईना.

नशीब असं की गिरिजाशंकर तेव्हा लांब नव्हते. समुद्र करून, उत्तर तीर धरून ते परत येत होते, आणि नेमके त्याच आठवड्यात घरासमोरच्या पलीकडच्या काठावर एका आश्रमात मुक्कामाला होते. पाय सुजले म्हणून थांबलो असा निरोप होता. चैत्रात वरच्या धरणानं पाणी अडवलं की मागच्या प्रवाहात दगडच दगड राहतात आणि दगडांमधून घोट्याएवढं पाणी. केसरबाई पायऱ्या उतरून काठावर गेल्या. पलीकडे एका शिळेवर पंडितजी माळ ओढत बसलेले दिसले. परिक्रमेनं वाळलेले मात्र दिसले नाहीत.

"अहो!" केसरबाईंनी हाक दिली. "जीजीनं अन्न सोडलंय! तुमच्या हातचं पाणी मागतेय! या लवकर!"

पंडितजी उठून उभे राहिले. चेहरा पडला, हे एवढ्या लांबूनही दिसलं. "कसा येऊ गं? परिक्रमेत आहे मी!"

"घोट्याएवढं तर पाणी आहे! शेळ्या येतात-जातात!"

"शेळ्या परिक्रमेत नसतात!"

"म्हणून त्यांना घरचा रस्ता सापडतो!"

"अगं, समजून घे! मध्ये रेवामाई आहे! साक्षात रेवा! ही ओलांडली की परिक्रमा खंडित! सगळं पाण्यात!"

पंडितजींचा आवाज कथेनं तयार झालेला. तो दोन्ही काठांवर व्यवस्थित पोचला. जरा खाली संगमावर चंपालाल नाशिककडच्या एका जथ्याला स्नान घालत होते. संकल्प सांगून झाला होता, "कावेरी-रेवा-संगमे" हे शब्द अजून हवेत होते, आणि मंडळी पहिल्या डुबकीतून वर येत होती. त्यांतल्या एका बाईंनी कानातलं पाणी झटकलं.

"गुरुजी, ते पलीकडचे महाराज हिला रेवा म्हणतायत."

"ते होय... ते थकलेत जरा," चंपालाल म्हणाले.

"थकले तरी नदी ओळखतील की! तुम्ही तर कावेरी म्हणालात. मग संगम कुठाय? आम्ही नुसतेच ओले झालो का?"

"आणि आहेत कोण ते?" दुसऱ्यानं विचारलं.

चंपालालांना खोटं सुचलं नाही. "माझे भाऊ आहेत," ते म्हणाले. "इथलेच पंडित."

त्या जथ्यानं दुसरी डुबकी मारली नाही. कपडे पिळत पिळत मंडळी वर गेली आणि पुलापर्यंतच्या प्रत्येक नारळवाल्याला हा प्रश्न विचारत गेली. दुसऱ्या दिवशी संगमावर पाराशर होते, फुलं होती, ताटं होती, आणि यात्रेकरू पुढच्या घाटावर नहात होते.

त्या संध्याकाळी केसरबाईंच्या अंगणात पंडितांची सभा बसली. केसरबाईंना वाटलं, जीजीसाठी आलेत. त्यांनी मोठ्या पातेल्यात चहा टाकला. पण जीजीची चौकशी दारातच उरकली आणि मंडळी नदीवर घसरली. मधोमध दाजी बसले. ते गल्लीतले सगळ्यांत वडील, तोंडात दात नाही आणि बोलण्यात 'असं असं' शिवाय शब्द नाही, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा.

"भाभी, एवढं कशाला? मोबाईलवर दाखवू ना जीजीला," चंपालाल म्हणाले आणि लागलीच पलीकडे फोन लावला. जीजीपुढे काच धरली. काचेत गिरिजाशंकरांचं कपाळ आणि अर्धा गंध दिसला.

"जीजी! बोल!"

जीजीनं काचेकडे नीट पाहिलं. "या काचेतून पाणी पाजणार आहेस का रे?"

फोन बंद करण्यात आला.

"मग जीजीलाच पलीकडे नेऊ," केसरबाई म्हणाल्या. "ती काही परिक्रमेत नाही."

हा उपाय एवढा सरळ होता की सभेला तो अपमान वाटला. पण त्यांच्याआधी जीजीनंच आतून तो उडवून लावला. "मी या बेटावर नवरी म्हणून आले. ओंकारबाबाच्या मांडीवरून उठून पलीकडे मरायला जाऊ? यायचं तर त्यानं यावं."

मग सभा रंगली. चंपालालांची अवस्था बघण्यासारखी झाली होती. मागची नदी रेवा ठरली तर गिरिजा येताक्षणी परिक्रमा मोडते आणि छडी ट्रंकेतच राहते. या विचारानं त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. पण रेवा ठरली तर संगम बुडतो, आणि संगमाबरोबर चंपालालही. हे आठवलं की हसू मावळायचं. ते एकदा या बाजूनं शास्त्र काढत, एकदा त्या बाजूनं, आणि दोन्ही वेळा श्लोक तोच म्हणत. बाकीच्यांना छडीचं काही नव्हतं, पोटाचं होतं. त्यामुळे नदी कावेरी आहे यावर रात्रीपर्यंत जवळजवळ एकमत झालं. राहता राहिले गिरिजाशंकर. त्यांनी स्वतःच्या तोंडानं तिला रेवा म्हटलं होतं, आणि परिक्रमावासीचा शब्द खोटा कसा पाडायचा?

आतल्या खोलीत जीजी दर थोड्या वेळानं विचारत होती, "आला का?"

"येतायत," केसरबाई सांगत होत्या. "शास्त्र शोधतायत." आणि मग जरा मोठ्यानं, अंगणात ऐकू जाईल असं, "साखर संपली, शास्त्र काही संपत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींनी निकाल दिला. डोळे मिटून, मान डोलवत ते म्हणाले, "असं असं, की पाणी कावेरीचं. पण तळाचे दगड मात्र रेवेचे. ती तिची जागा. म्हणजे पाणी ओलांडायला हरकत नाही. पाय दगडाला लागता कामा नये."

सभेच्या अंगावर रोमांच उभे राहिले. संगम वाचला, परिक्रमा वाचली, गिरिजाशंकरांचा शब्दही वाचला. एवढं वाचवून दाजींनी चहा मागितला.

"पण दाजी, पाण्यावरून पाय न लावता येणार कसे?" नानूराम केवटानं विचारलं. नावाडी म्हणून त्याला बोलावून ठेवलं होतं. "नाव चालायला पाणी नाही तिथं."

"खाटेवरून आणा. चौघांनी उचलून. आणि बेटावरही खाली उतरायचं नाही, असं असं. खाटेवरूनच पाणी पाजायचं आणि खाटेवरूनच परत."

"आणि आमचे पाय, दाजी? ते रेवेच्या दगडावर पडणार."

"तू परिक्रमेत नाहीस. तू कुठंही ठेव."

"मग बरं," नानूराम म्हणाला. "आमची चाळीस वर्षं कुठंही ठेवण्यातच गेली."

आता खाट शोधायची वेळ आली. गल्लीतली घरं नव्या वळणाची. सगळ्यांकडे प्लायवूडचे पलंग, आत सामान ठेवायचे खण असलेले, दोन हत्तींनीही न हलणारे. एक खाट होती ती प्लास्टिकच्या पट्टीची, पंडितजींच्या वजनाखाली ती काय करील याचा अंदाज सगळ्यांना होता. जुन्या घडणीची मजबूत खाट साऱ्या गल्लीत एकच होती.

चंपालाल दारात येऊन घुटमळले. "भाभी, तासाभराचाच प्रश्न आहे."

केसरबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. "अहो, लाज आहे का काही? माणूस निजलंय त्यावर! तिच्यासाठीच आणताय ना त्यांना?"

"तिच्यासाठीच तर म्हणतोय!"

"नेऊ दे गं," जीजी म्हणाली. डोळे एकदम लख्ख उघडले होते. "गिरिजा येतोय ना त्यावरून? ने बाबा. घाई कर."

चौघांनी जीजीला अलगद उचललं आणि जमिनीवर गोधडीवर ठेवलं. केसरबाईंनी उशाला स्वतःची शाल गुंडाळून दिली. एवढीशी झाली होती म्हातारी, गोधडीची नक्षीच तिच्यापेक्षा मोठी दिसत होती. केसरबाईंना रडू फुटलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्या चुलीपाशी जाऊन नसलेला धूर डोळ्यांतून पुसत राहिल्या.

इतक्यात शेजारची गुलाबबाई डोकावली. जमिनीवर उतरवलेली जीजी, दारातून निघालेली खाट आणि डोळे पुसणारी सून पाहून तिनं काय समजायचं ते समजून घेतलं आणि गल्ली हादरेल असा हंबरडा फोडला. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. त्यांनीही सूर धरला. एकीनं तर जीजीचे गुण सांगायला सुरुवात केली.

"मेले नाही अजून," जीजी खालून म्हणाली. "खाट नेलीय. पण थांब, तू माझं पुढं काय सांगत होतीस ते सांग."

बाकीच्या दोघींच्या तोंडचा सूर तुटला आणि गुण गाणारीला पुढचा एकही आठवेना.

गिरिजाशंकर आले ते वरातीसारखेच आले. खाटेवर मांडी घालून, एका हातात दंड, दुसऱ्या हातानं खाटेची कड घट्ट धरलेली. चौघे केवट दगडांवरून तोल सांभाळत होते आणि खाट एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या कोपऱ्यात खचत होती. प्रवाहाच्या मध्यावर ती अशी तिरकी झाली की पंडितजींचा डावा अंगठा पाण्याला लागतो की काय असं झालं. काठावरचे सगळे पंडित एकदम ओरडले, "पाय वर!" पंडितजींनी दोन्ही पाय छातीशी घेतले आणि उरलेली नदी तशीच पार केली. चंपालालांनी शंख फुंकला. निकाल खरा करून दाखवायला आज यात्रेकरू हवे होते, म्हणून ते पुढच्या घाटावरून एक ताजा जथा घेऊन आले होते. "बघा, कावेरी कशी ओलांडतात ते," असं ते त्यांना दाखवत होते.

खाट पायऱ्या चढून, अंगण ओलांडून, दारातून आडवी-तिडवी करत आत आणली आणि जीजीशेजारी ठेवली. खाटेवर मुलगा, खाली आई. दारात दाजी, चंपालाल आणि त्यांच्यामागे माना उंचावलेले यात्रेकरू. खिडकीत गुलाबबाई.

"आलास?" जीजी म्हणाली.

"आलो, जीजी."

"वाळला नाहीस."

पंडितजींनी मान खाली घातली. पाच महिन्यांत त्यांच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. वाटेवरच्या प्रत्येक गावानं त्यांचे पाय धुतले होते आणि महाराज म्हणून ताट वाढलं होतं. केसरबाईंनी सकाळचा भरलेला तांब्या नवऱ्याच्या हातात दिला.

पंडितजी खाटेवरून वाकले. एका हातानं तांब्या, दुसऱ्यानं पळी. पळी ओठांशी नेली तसे जीजीनं ओठ मिटले.

"हे कुठलं?"

"काय, जीजी?"

"पाणी. दोन दिवस अंगणात त्याचंच चाललंय. तुमचा निकाल लागला म्हणे. तर हे कुठलं? रेवामाईचं ना?"

पंडितजींनी दाराकडे पाहिलं. चंपालालांचे डोळे बटाट्याएवढे झाले होते. रेवा म्हटलं तर संगम बुडाला आणि परिक्रमाही. खाटेवरून आलेला माणूस रेवा ओलांडून आल्याचं स्वतःच्याच तोंडानं सांगून बसणार. यात्रेकरू कान टवकारून उभे होते.

"कावेरीचं, जीजी," पंडितजी हळूच म्हणाले. "पवित्रच आहे."

"कावेरी माझी कोण?" जीजीनं मान फिरवली. "मी रेवामाईचं मागितलं होतं."

"नानूराम!" पंडितजी ओरडले. "पुढच्या घाटावर जा! पळ! रेवेचं पाणी आण!"

पुढचा घाट म्हणजे सबंध डोंगर चढून पलीकडे उतरायचं. नानूरामनं एकदा जीजीकडे पाहिलं, एकदा पंडितजींच्या गळ्याकडे, आणि निघाला. त्यानं पाहिलं ते मग सगळ्यांनीच पाहिलं. पंडितजींच्या छातीवर लाल कापडातली बाटली लोंबत होती. जिच्याबद्दल कुठल्याही सभेत वाद होणार नाही अशी, भर धारेतली, अस्सल रेवा. पंडितजींचा हात आपोआप बाटलीवर गेला आणि तिला झाकून राहिला.

केसरबाईंच्या जिभेवर केवढं तरी आलं होतं. त्या नुसत्या त्या हाताकडे बघत राहिल्या. जीजीचा श्वास घरघरू लागला.

पंडितजींनी बाटली गळ्यातून काढली. गाठ सुटेना. दातांनी सोडवली.

"भैया!" चंपालाल दारातून पुढे झाले. "अरे, ती उघडली तर ओंकारजींना काय चढवशील? सगळी परिक्रमा फुकट जाईल!" आणि गंमत अशी की या वेळी ते खरंच कळवळून बोलत होते.

"असं असं—" दाजींनी सुरुवात केली.

"गप्प बसा दाजी," पंडितजी म्हणाले. ते खाटेवरून खाली उतरले. दोन्ही पाय जमिनीवर टेकले, आईशेजारी गोधडीवर बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी बाटलीतलं पाणी पळीत ओतलं. अर्धं जीजीच्या हनुवटीवरून ओघळलं.

"घे जीजी. रेवामाई. समुद्रापर्यंत जाऊन आलीय माझ्याबरोबर."

जीजीनं घोट घेतला. तोंडात घोळवला. मग तिचा सगळा चेहरा आक्रसला.

"शिळं आहे रे!"

पंडितजींनी बाटली स्वतःच्या नाकाशी धरून पाहिली.

"पाच महिने कोंडून ठेवलंस का? वास येतोय." तिनं जीभ टाळ्याला लावून पाहिली. "ते केसरचं दे. तांब्यातलं."

पंडितजींनी तांब्या उचलला. या वेळी जीजीनं कुठलं ते विचारलं नाही. पळीनं प्यायली, मग पळीनं भागेना म्हणून तांब्यालाच तोंड लावून प्यायली. गटागटा आवाज दारापर्यंत गेला. तांब्या रिकामा झाला तेव्हा ती म्हणाली, "अजून."

पंडितजींनी आईला दोन्ही हातांवर उचललं आणि तिच्या खाटेवर ठेवलं. तांब्या घेऊन ते दारातल्या गर्दीतून बाहेर पडले आणि मागच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरले. दगडांवर पाय ठेवत, धारेपर्यंत गेले. धोतर भिजलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. यात्रेकरूंतला एक जण धावत काठावर आला.

"महाराज, एकदाचं सांगून टाका हो! ही नदी कोणती?"

"प्यायची," पंडितजी म्हणाले. "सरका, आईला तहान लागलीय."

जीजी काही त्या दिवशी गेली नाही. त्या महिन्यातही नाही. नानूराम डोंगर ओलांडून घागर घेऊन आला तेव्हा ती भाकरी आणि अंबाडीची भाजी खात होती आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सुनेला सांगत होती. सून सांगत होती, मीठ बरोबर आहे, तोंड बदला. घर रुळावर आलं.

संगमही रुळावर आला. चंपालाल नव्या जोमानं संकल्प सांगू लागले. त्यांनी त्या खाटेची कथाही स्नानात घातली, फक्त शेवट जरा वेगळा केला. छडी ट्रंकेतच आहे.

कार्तिक जवळ आला तेव्हा गिरिजाशंकरांनी दंडाची धूळ झटकली, नवी बाटली घासून पुसून लाल कापडावर ठेवली. फ्लेक्सवाल्याचा फोन येऊन गेला होता. मोडलेली परिक्रमा पहिल्यापासून करायची तर हीच वेळ. बाहेर केसरबाई अंगणात सडा टाकत होत्या. त्यांनी पाहिलं, पण हात थांबवला नाही.

आतून जीजी खोकली. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"जा बाबा," ती म्हणाली. "माझं काय, मी काही अडवत नाही. जाताना बोलवीन."

गिरिजाशंकरांनी बाटली फडताळात ठेवली, केसरबाईंच्या हातातून तांब्या घेतला आणि मागच्या पायऱ्या उतरले.